जुनी एमएम ५४० घाटात तापते: रेडिएटर नवा, वॉटर बॉडी नवी, तरी काटा चढतोच

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९३ ची, फोर-व्हील ड्राइव्ह. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी डिझेल. गाडी साताऱ्यात असते आणि महिन्यातून एकदा तरी कोकणात उतरते.

उतरताना काही त्रास नाही. सपाटीला ताशी ६० च्या वेगात काटा मधल्या रेघेच्या खालीच असतो. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला घेतला की दुसऱ्या गियरमध्ये काटा हळूहळू सरकायला लागतो आणि अर्ध्या घाटात लाल पट्ट्याला टेकतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन जरा वरच्या रेसवर चालू ठेवलं की थोडा खाली येतो. पुन्हा चढ लागला की पुन्हा तेच.

गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजला दिली होती. त्यांनी रेडिएटर बदलला, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बदलली, थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) काढून टाकला आणि "आता तापणार नाही" म्हणून हातात दिली. बिल बरंच झालं, गाडी मात्र आधीपेक्षा जास्त तापते. आता ते म्हणतात हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलू. हेड खोलायच्या आधी तुम्हा लोकांना विचारावं म्हटलं. गाडी वडिलांची आहे, विकायचा प्रश्नच नाही. नीट करायची आहे.

जुनाडिझेल

हेड अजिबात खोलू देऊ नका. निदान इतक्यात तरी नाही.

आधी या इंजिनाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हे इंजिन महिंद्रा इगतपुरीच्या कारखान्यात बनवत असे. नावातल्या ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे. डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या कक्षात पडतं, तिथे पेटतं आणि अरुंद तोंडातून जोरात बाहेर येतं. त्या कक्षाच्या भिंतींमधून बरीच उष्णता पाण्यात जाते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनापेक्षा अशा इंजिनाच्या रेडिएटरवर जास्त भार असतो. याचा अर्थ हे इंजिन तापतंच असा नाही. कंपनीने दिलेली कूलिंग व्यवस्था जशीच्या तशी असेल तर ही गाडी मे महिन्यातही घाट चढते. पण त्या व्यवस्थेतली एखादी वस्तू गायब झाली तर हे इंजिन लगेच दाखवून देतं.

आता सांगा:

१. पाणी कमी होतं का? दर आठवड्याला टॉप-अप करावं लागतं का?
२. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर, पाणी गरम व्हायच्या आधीच, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताला कडक लागतो का?
३. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालू केलं तर बुडबुडे येतात का? (थंड असतानाच. गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं आणि डोळे जातात.)
४. ऑइलच्या दांडीवर किंवा फिलर कॅपच्या आत दुधाळ साय दिसते का?

या चारही प्रश्नांचं उत्तर "नाही" असेल तर हेड गॅसकेटवर (हेड आणि इंजिनाच्या ब्लॉकमधल्या सीलवर) संशय घ्यायला काही आधार नाही.

घाटवाट

आज सकाळी सगळं बघितलं. पाणी कमी होत नाही. होज मऊ होता, गाडी गरम झाल्यावरच कडक झाला. झाकण उघडून चालू केली, सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. ऑइल स्वच्छ काळं आहे, साय नाही.

जुनाडिझेल

सुरुवातीचे बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा, ते चालतं. गॅसकेट गेलं असतं तर रेस दिल्यावर बुडबुड्यांची धार थांबली नसती. शंका राहिली तर निळ्या रसायनाची नळी मिळते, ती रेडिएटरच्या तोंडावर धरायची. सिलिंडरचा वायू पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. डिझेलला जरा जास्त वेळ धरावी लागते. पण तुमच्याकडे ती वेळ येईल असं वाटत नाही.

मीटरपट्टी

माझी एकच विनंती आहे. वस्तू बदलायच्या आधी तापमान मोजा. डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे मोजमाप नव्हे. या जुन्या गाड्यांत अर्थिंग खराब असलं तरी काटा खोटं बोलतो. सोपी परीक्षा: इंजिन चालू असताना हेडलाइट लावा. लाइट लावताक्षणी काटा हलला, तर आधी वायरिंग बघा. पाणी एका क्षणात तापत नाही.

त्यानंतर एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, हजार-बाराशेत मिळतो. चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी चिकटपट्टी लावा किंवा काळ्या रंगाचा ठिपका द्या. दोन जागा महत्त्वाच्या: वरच्या होजचं रेडिएटरकडचं तोंड आणि खालच्या होजचं तोंड. घाटात काटा चढला की गाडी सुरक्षित जागी लावायची, इंजिन बंद न करता लगेच दोन्ही आकडे घ्यायचे.

हे दोन आकडे बरंच काही सांगतात.

वर खूप गरम आणि खाली बऱ्यापैकी थंड, म्हणजे फरक २०-२५ अंशांचा किंवा जास्त: पाणी फार सावकाश वाहतंय. रेडिएटरची जाळी चोंदली असेल, पाण्याच्या पंपाचे पंखे झिजले असतील, पंख्याचा पट्टा घसरत असेल किंवा खालचा होज आत खेचला जात असेल.

वरही गरम, खालीही जवळजवळ तेवढंच, फरक ३-४ अंशांचा: पाणी व्यवस्थित फिरतंय, पण जाळीतून हवा जात नाहीये. रेडिएटर उष्णता टाकायला तयार आहे, घेऊन जाणारं कुणी नाही.

फरक ८-१० अंशांच्या आसपास आणि तरी तापतंय: मग इंजिनच जास्त उष्णता तयार करतंय का ते बघायचं. डिझेल पंपाचं टायमिंग, जास्त डिझेल, अडकलेला ब्रेक.

रानवाट

मीटरपट्टींना दुजोरा. एक भर: तुमची लक्षणंच अर्धं उत्तर देताहेत. सपाटीला वेगात ठीक म्हणजे समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. घाटात वेग २०-२५, वारा नाही, इंजिनावर भार पूर्ण. तिथे सगळी जबाबदारी पंख्यावर. शहरात ट्रॅफिकमध्ये पंखाच असतो, पण इंजिनावर भार नसतो म्हणून निभावतं. उलटं असतं, म्हणजे हायवेला ८० ला तापली असती आणि गावात ठीक राहिली असती, तर मी आधी जाळी आणि पाण्याचा प्रवाह बघितला असता.

तुमच्या गाडीला पंख्याभोवतीचा काऊल आहे का?

घाटवाट

काऊल म्हणजे ते पंख्याभोवतीचं पत्र्याचं गोल कव्हर ना? नाहीये. आधी होतं. जुने फोटो काढून बघितले, त्यात स्पष्ट दिसतंय. नव्या रेडिएटरला त्याची भोकं जुळत नसणार म्हणून काढून ठेवलं असावं. विचारतो त्यांना.

रानवाट

मग सापडलं म्हणायला हरकत नाही! काऊल नसेल तर पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढतच नाही. हवेला सोपा रस्ता हवा असतो. ती पंख्याच्या टोकांवरून वळून इंजिनाकडचीच गरम हवा पुन्हा पुढे आणते आणि तीच तिथल्या तिथे फिरत राहते. जाळीचा फक्त पंख्यासमोरचा गोल तुकडा काम करतो, चारही कोपरे फुकट जातात.

घरच्या घरी परीक्षा: गाडी उभी, इंजिन आयडलला, समोरून जाळीवर वर्तमानपत्राचा एक कागद धरून सोडा. मधे, मग चारही कोपऱ्यांत. चांगल्या गाडीत कागद सगळीकडे चिकटून राहतो. हात पंख्याच्या बाजूला नेऊ नका, सैल बाह्या आणि ओढण्या लांब ठेवा.

तांबेपितळ

माझं रेडिएटरचं काम आहे, वडिलांपासून. घाटवाट दादा, दोन गोष्टी बघून सांगा.

एक, नव्या रेडिएटरच्या झाकणाच्या तोंडातून टॉर्च मारा. नळ्यांच्या किती लाइनी दिसतात? या गाड्यांना जड कामासाठी तीन लाइनीची जाळी चांगली. बाजारात दोन लाइनीची स्वस्त जाळी त्याच मापात मिळते. बाहेरून ओळखू येत नाही, जाडी हाताने मोजली तरच कळतं.

दोन, वॉटर बॉडी बदलताना पंखा काढावाच लागतो. परत बसवताना पालथा बसवला नाही ना ते बघा. हे फार होतं.

घाटवाट

पंखा पालथा बसला असता तर हवा उलटी गेली नसती का? माझ्या गाडीत हवा इंजिनाकडेच येते, हाताला लागते.

तांबेपितळ

नाही दादा, तिथेच सगळे फसतात. पंखा पालथा केला तरी हवेची दिशा तीच राहते, कारण पात्याचा तिरपेपणा बदलत नाही. बदलते ती पात्याची खोल बाजू. आपल्या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे आहे आणि हवा मागे ढकलतो. म्हणून पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे हवी, फुगीर बाजू रेडिएटरकडे. उलटा बसवला तर हवा येते, पण बरीच कमी. आवाज मात्र तेवढाच किंवा जास्त येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

घाटवाट

मंडळी, आज दुपारभर गाडीखाली आणि गाडीपुढे होतो. एकेक सांगतो.

हेडलाइट लावून बघितलं, काटा हलत नाही. म्हणजे वायरिंग ठीक.

कागद: मधे घट्ट चिकटला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत टेकवला आणि सोडला की सरळ खाली. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात तर कागद पुढे उडाला, म्हणजे तिथून हवा उलटी बाहेर येत होती.

जाळीला तीन लाइनी आहेत, हे बरं झालं.

आणि पंखा... पालथाच आहे. फुगीर बाजू इंजिनाकडे. पात्यावरचे जुने धुळीचे डाग आणि नवा बोल्टचा घासलेला ठसा बघितला की कळतं, तो काढून उलटा लावला गेलाय.

भाड्याने आणलेला थर्मामीटर घेऊन सकाळी आंबेनळी चढून आलो होतो. काटा लालच्या अलीकडे असताना मोजलं: वरचा होज १०१, खालचा ९७. फरक फक्त ४.

मीटरपट्टी

अगदी पुस्तकातलं उत्तर. पाणी फिरतंय, हवा नाही. हेड खोललं असतं तर नवीन गॅसकेट टाकूनही गाडी तशीच तापली असती आणि मग ब्लॉकला तडा गेलाय म्हणून सांगितलं असतं.

जुनाडिझेल

पंखा सुलटा करा, काऊल बसवा आणि थर्मोस्टॅट परत टाका.

थर्मोस्टॅटचं जरा सविस्तर लिहितो, कारण "काढून टाक, गाडी थंड राहील" हा सल्ला महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की गाडीला त्याचा फारसा अडथळा नसतो. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो. म्हणजे थंड करायच्या नादात आपण गरम पाणी तिथल्या तिथे घुमवत राहतो.

दुसरं नुकसान हळू होतं. डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला सकाळी गाडी काढली तर इंजिन तासभर ५०-६० अंशांवरच चालतं. डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये काजळी आणि पाणी साठतं, लायनर आणि रिंगा झिजतात. तापण्यामुळे गाडी एका दिवसात थांबते म्हणून ते दिसतं, थंड चालण्याने ती काही वर्षांत खंगते म्हणून कुणी बोलत नाही.

नवा थर्मोस्टॅट आणला तरी बसवायच्या आधी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. शेजारी थर्मामीटर सोडायचा आणि गॅस मंद ठेवायचा. त्याच्यावर ८२ कोरलेलं असेल तर ८०-८४ च्या दरम्यान तबकडी जागेवरून सुटायला हवी आणि त्यानंतरच्या १०-१२ अंशांत पूर्ण उघडायला हवी. बाहेर काढल्यावर मिटताना अडकत नाही ना तेही बघा. माझ्याकडे डबाबंद नवे थर्मोस्टॅट ९२ ला उघडणारेही आलेत.

ओवळा

मी एक विचारू का? माझ्या वडिलांची जुन्नरला जुनी डिझेल जीप आहे, तिच्यात कायम साधं पाणीच असतं. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन) टाकायची गरज आहे का? आपल्याकडे बर्फ पडत नाही. काका म्हणतात पाणीच जास्त चांगलं थंड करतं.

मीटरपट्टी

ओवळा ताई, काकांचं एका अर्थी खरं आहे. शुद्ध पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ग्लायकॉलच्या (कूलंटमधल्या मुख्य रसायनाच्या) मिश्रणापेक्षा जास्तच असते. पण कूलंट आपण बर्फासाठी नाही, गंजासाठी आणि उकळण्यासाठी टाकतो.

समुद्रसपाटीला साधं पाणी १०० ला उकळतं. दर ३०० मीटर उंचीमागे ते साधारण १ अंश लवकर उकळतं, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ ला. यावर उपाय म्हणून रेडिएटरच्या झाकणाला स्प्रिंग असते. ७ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) झाकणाने उकळण्याचा बिंदू १०० वरून १११ च्या आसपास जातो, १५ पीएसआयच्या झाकणाने १२१ पर्यंत. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं असेल तर इंजिनात काही दोष नसताना गाडी पाणी फेकते. झाकण तेवढ्याच पीएसआयचं घ्यायचं. जास्त दाबाचं लावलं तर जुनी जाळी किंवा होज फुटतो.

आपल्याकडे एक तृतीयांश कूलंट आणि दोन तृतीयांश डिस्टिल्ड पाणी पुरे. पाणी बॅटरीचं. विहिरीचं किंवा बोअरचं अजिबात नको. आणि कूलंटच्या हिरव्या-लाल रंगावरून आतलं रसायन कळत नाही, डब्यावरचं वाचा. दोन वेगळ्या जातींचे मिसळू नका.

सोलापूरकर

बोअरच्या पाण्याबद्दल माझी गाडीच साक्षीला आहे. जुनी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) जीप, शेतावरची. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलंय. आमच्याकडचं पाणी एवढं जड की चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो. घाट नाही, काही नाही, पण मार्चनंतर हायवेला ७० च्या वर गेलं की काटा चढतो. हा धागा वाचून मोजलं. वरचा होज १०४, खालचा ७३. जाळीवर थर्मामीटर फिरवला तर उजवीकडचा खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा गारच.

तांबेपितळ

सोलापूरकर, तुमची जाळी आतून क्षाराने भरलीय. गार पट्टा म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नाही.

तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो टाकून देऊ नका. आम्ही वरची आणि खालची टाकी डाग (सोल्डरची जोडणी) सोडवून काढतो आणि प्रत्येक नळीतून पातळ लांब पट्टी मारतो. वरून टोचत टोचत खाली नेली की आतला क्षार पांढऱ्या-लाल पापुद्र्यांनी बाहेर पडतो. पट्टी जोरात मारली तर नळी फाटते, म्हणून हे घाईचं काम नाही. मग टाक्या परत डाग देऊन लावतो. खूप जुनी जाळी असेल आणि तिच्या पन्ह्या (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) हाताने चुरगळत असतील तर नळ्या साफ करूनही उपयोग नाही, कारण पन्हीची नळीवरची पकड सुटलेली असते. तेव्हा त्याच टाक्यांवर नवी जाळी बसवायची.

ज्यांना घरी साफ करायचंय त्यांच्यासाठी: कॉस्टिक वापरू नका. इंजिनात कुठे ॲल्युमिनियम असेल तर ते खातं. लिंबूसत्त्व चालतं, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास, गाडी गरम करून काही तास ठेवायचं आणि मग पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुवायचं. पण आधीच सांगून ठेवतो, जुन्या रेडिएटरमध्ये कधी कधी क्षारानेच बारीक भोकं बुजलेली असतात. साफ केल्यावर गळायला लागला तर लिंबूसत्त्वाला दोष देऊ नका, भोक आधीपासूनच होतं.

आणि बाहेरून जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. पुढून मारलं की गवताचं बी, किडे, चिखल अजून आत ठोकले जातात. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पन्ह्या आडव्या पडतात आणि हवा कायमची बंद.

कोकणी_फोरबायफोर

बाहेरून धुण्याचा मुद्दा ऑफरोडवाल्यांनी लक्षात ठेवा. पावसाळ्यात चिखलातून गाडी काढली की लाल मातीचा थर जाळीत बसतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून घट्ट होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते. मागून टॉर्च मारून पुढून बघा, उजेड आरपार आला पाहिजे.

घाट चढण्याबद्दल एक सांगतो. खूप जणांना वाटतं, इंजिन ओरडतंय म्हणजे त्रास होतोय, म्हणून वरचा गियर टाकून कण्हत चढतात. या गाड्यांत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर, इंजिनाच्या वेगाने फिरतात. रेस कमी तर हवाही कमी आणि पाणीही कमी, भार मात्र पूर्ण. खालचा गियर टाका, इंजिन मोकळेपणाने फिरू द्या. कच्च्या रस्त्यावर खडा चढ असेल तर फोर-लो (फोर-व्हीलचा हळू, जास्त ताकदीचा गियर) लावा. पक्क्या डांबरावर वळणं घेताना मात्र फोर-व्हील नको, ट्रान्सफर केसवर ताण येतो.

काटा चढलाच तर थांबून इंजिन लगेच बंद करू नका. पाणी असेल आणि वाफ येत नसेल तर जरा वरच्या रेसवर चालू ठेवा, खाली येतं. वाफ येत असेल किंवा पाणी सांडलं असेल तर मात्र तत्काळ बंद. आणि गरम इंजिनात झऱ्याचं थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. हे घाटात दर उन्हाळ्यात बघायला मिळतं आणि जीव तुटतो.

ओवळा

खूप उपयोगी माहिती. वडिलांच्या जीपचं सकाळी बघितलं. पाणी दर आठवड्याला अर्धा लिटर कमी होतं, खाली थेंब कुठेच नाही. थंड असताना चालू केली आणि मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला. झाकण उघडून बघितलं तर बुडबुडे थांबतच नाहीत. सायलेन्सरमधून सकाळी पांढरा धूर येतो आणि तो बराच वेळ राहतो.

जुनाडिझेल

ओवळा ताई, तुमच्याकडे मात्र हेड गॅसकेटच. गाडी चालवू नका, नांगरणीच्या दिवसांत कितीही गरज असली तरी. पाणी सिलिंडरमध्ये साठलं आणि स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड काढल्यावर लेथवाल्याकडे नुसतं "फेसिंग मार" (पृष्ठभाग घासून सपाट कर) म्हणून देऊ नका. आधी त्याच्यासमोर सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवायला लावा आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघा. वाक किती आहे ते मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायचं. मग तड्यासाठी दाबाची चाचणी. फेसिंग लागलंच तर कमीत कमी, कारण हेडची जाडी कमी झाली की पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर कमी होतं. ब्लॉकचा माथाही तपासा, लायनरची उंची बघा. बोल्ट मधून बाहेर, सांगितलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने. अंदाजाने पान्हा मारणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी या कामाला नको.

आणि गॅसकेट का गेलं ते शोधा. आपोआप जात नाही. आधी कधीतरी गाडी तापली असणार, ते कारण तसंच राहिलं तर नवीनही जाईल.

घाटवाट

काऊलचं काम झालं. जुना काऊल गॅरेजमध्ये सापडला नाही. गावातल्या पत्र्याच्या कामवाल्याकडून १८ गेजचा नवा करून घेतला. रानवाट दादांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलेली मापं इथेही टाकतो, कुणाला लागली तर: पात्याच्या टोकापासून काऊलची कड सगळीकडून २० ते २५ मिमी, पाती निम्मी काऊलच्या आत आणि निम्मी बाहेर. इंजिन रबरावर हलतं, त्यामुळे यापेक्षा जवळ आणायचं नाही. जाळी आणि काऊलच्या मधल्या फटीला जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या लावल्या.

पंखा सुलटा केला. थर्मोस्टॅट ८२ चा, पातेल्यात ८१ ला उघडला. पट्टा अंगठ्याने दाबून १०-१२ मिमी दबतो एवढा ताणला. पाणी भरताना गाडीचं नाक चढावर करून, झाकण उघडं ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवली. बरीच हवा निघाली.

कागद आता चारही कोपऱ्यांत चिकटतो.

काल भर दुपारी पोलादपूरहून चढलो. खाली हवेचं तापमान ३७. जिथे काटा लालला टेकायचा तिथे थांबून मोजलं: वर ९३, खाली ८४.

मीटरपट्टी

फरक ९. आता व्यवस्था जशी हवी तशी चालतेय. एक लक्षात ठेवा, थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बाहेरची हवा जेवढे अंश तापते, साधारण तेवढेच अंश पाणीही वर जातं. ३७ ला ९३ म्हणजे ४२ ला ९८ धरा. सात पीएसआयच्या झाकणाला ते पेलतं, पण झाकण चांगलं हवं.

जुनाडिझेल

अभिनंदन! आता सवडीने पंप-नोझलवाल्याकडे टायमिंग तपासून घ्या. टायमिंग मागे पडलं असेल तर डिझेल उशिरा जळतं आणि उष्णता पाण्यात आणि सायलेन्सरमध्ये जाते. चढाला काळा धूर निघतो का?

घाटवाट

थोडा निघतो. पुढच्या महिन्यात पंप दाखवतो आणि इथे लिहितो. सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना आकडे सांगितले, ते स्वतः कागद घेऊन जाळीपुढे उभे राहिले.

सोलापूरकर

तांबेपितळ दादा, माझा रेडिएटर उघडला. जवळजवळ निम्म्या नळ्यांत पट्टी जातच नाही, आणि पन्ह्या बोटाने चुरगळतात. इथला कारागीर नवी जाळी बसवू म्हणतो. त्याला काय काय सांगू?

तांबेपितळ

तीन लाइनीची सांगा आणि जाडी जुन्या जाळीएवढीच ठेवायला सांगा, म्हणजे काऊल आणि पंख्याचं अंतर बदलणार नाही. पन्ह्या फार दाट घेऊ नका, शेतावरच्या धुळीत लवकर चोंदतात. खालच्या होजमध्ये स्प्रिंग असेल तर ती टाकून देऊ नका, नाहीतर रेस दिल्यावर होज आत चिकटतो.

आणि काम झाल्यावर रेडिएटर तसाच घेऊ नका. सगळी तोंडं बंद करून, हवा भरून, पाण्याच्या हौदात तुमच्यासमोर बुडवायला लावा. झाकणाच्या पीएसआयपेक्षा थोडा जास्त दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही. पाच मिनिटं बघा, एकही बुडबुडा यायला नको. टाकीच्या चारही कोपऱ्यांवर नीट लक्ष ठेवा, डाग तिथेच कच्चा राहतो.